बागेचें भित्तिपत्रक आणि मुळेचें पाणी

फलाटावर गाडीची वाट पाहणारा उतारू सामान्यतः दोन वस्तूंकडे पाहतो: घड्याळाकडे आणि भिंतीकडे. घड्याळ त्याची चिंता वाढवितें. भिंतीवर एखादें चांगलें चित्र असलें तर तें मात्र त्याला क्षणभर दुसऱ्याच गांवीं नेऊन सोडतें. हिरवी झाडें, फुलांचे ताटवे, पाण्याकांठची पायवाट आणि खालीं ठळक अक्षरांत त्या बागेचें नांव. एवढ्याशा सामग्रीवर रेल्वे कंपन्यांनीं लक्षावधि लोकांना घराबाहेर काढलें. अशा भित्तिपत्रकांकडे आज जुनी कला म्हणून पाहतात व संग्राहक तीं जपून ठेवतात. पण त्यांचा जन्म कलेच्या हौसेंतून झाला नाहीं; तो जमाखर्चाच्या वहींत झाला.

या जाहिरातीला खरें वळण लागलें तें लंडनच्या भुयारी रेल्वेंत. १९०८ सालीं तेथील जाहिरातीचें काम फ्रँक पिक नांवाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आलें. त्याच्यापुढील अडचण अगदीं व्यावहारिक होती. सकाळ-सायंकाळ कचेरीच्या वेळीं गाड्या तुडुंब भरत. दुपारीं, रविवारीं आणि सुटीच्या दिवशीं त्याच गाड्या बऱ्याचशा रिकाम्या धांवत. रूळ, डबे, वीज आणि नोकर यांचा खर्च उतारू असोत वा नसोत, व्हावयाचा तो होईच. तेव्हां ज्यांना कामासाठीं प्रवास करण्याचें कारण नव्हतें, त्यांना आनंदासाठीं प्रवासाचें कारण देणें हाच एक उपाय होता. म्हणून पिकनें गाडीच्या चित्राऐवजीं गाडी जेथें नेऊन पोंचविते त्या स्थळाचीं चित्रें लावलीं.

अशा स्थळांत क्यूच्या वनस्पति-उद्यानाचा मान मोठा होता. हें उद्यान मूळचें राजघराण्याचें. १८४० सालीं तें राष्ट्राच्या मालकीचें झालें. १८६९ त त्याच्याजवळ स्टेशन उघडलें आणि १८७७ पासून डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या गाड्या तेथवर जाऊं लागल्या. राजाची बाग प्रजेची झाली खरी. परंतु शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कारागिराला ती आपली आहे हें सांगणार कोण? तें काम भित्तिपत्रकानें केलें. क्लाइव्ह गार्डिनरसारख्या चित्रकारानें १९२० नंतरच्या दशकांत क्यूसाठीं केलेलीं चित्रें आजही नांवाजलीं जातात. ४० इंच उंच व २५ इंच रुंद हें त्या भित्तिपत्रकांचें एक रूढ माप. शिळाछापाच्या पद्धतींत प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड किंवा पत्रा लागे. त्यामुळें रंग मोजके, आकार ठसठशीत आणि शब्द अगदीं थोडे. घाईंत असलेल्या माणसानेंही तें एका दृष्टिक्षेपांत वाचावें, ही त्याची कसोटी होती.

हिंदुस्थानांतील रेल्वे कंपन्यांनीं ही विद्या लवकरच उचलली. दोन महायुद्धांमधल्या काळांत ताजमहाल, काशीचे घाट, काश्मीर यांचीं सुंदर भित्तिपत्रकें निघालीं. त्यांतील पुष्कळशीं इंग्रजींत होतीं व परदेशी प्रवाशांकडे नजर ठेवून काढलेलीं होतीं. उतारूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून येत असे. त्या डब्यांतील माणूस मात्र या चित्रांत क्वचितच दिसे.

आपल्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें मार्गावर ‘डेक्कन क्वीन’ सुरू केली. पुण्याला ‘दख्खनची राणी’ म्हणत, तेंच नांव गाडीला दिलें. तेव्हां हें नांव हीच एक जाहिरात होती. आरंभीं ती आठवड्याच्या अखेरीस धांवे आणि तिला पहिला व दुसरा एवढेच वर्ग होते. पिकनें लंडनमध्यें जो हिशेब केला, तोच येथें घाटांतून वर चढला: शनिवार-रविवारची मोकळीक, श्रीमंतांचा खिसा, आणि पलीकडे थंड हवेचें, घोड्यांच्या शर्यतींचें व बागांचें शहर.

पुण्याच्या त्या बागांत बंडगार्डन प्रसिद्ध होतें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें १८५० च्या सुमारास नदीवर बंधारा झाला; त्या बंधाऱ्यावरूनच बागेचें नांव पडलें. स्वातंत्र्यानंतर त्या उद्यानास महात्मा गांधींचें नांव देण्यांत आलें. बागेची सारी शोभा तिच्यालगतच्या पाण्यामुळें. तें पाणी मुळा-मुठेचें. संगमावर मिळणाऱ्या या दोन नद्यांपैकीं मुळा येते ती पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या माथ्यावरून, मुळशीच्या मावळांतून. बागेंत बसलेल्याला ती नदी जेथून येते तें गांव दिसत नाहीं. आणि या कथेचा दुसरा अर्धा भाग तर तेथेंच आहे.

मुळशीचें खोरें म्हणजे आंबेमोहोर भाताचें खोरें. आंब्याच्या मोहोरासारखा वास असलेला तो तांदूळ. त्या खाचरांची वर्षानुवर्षें राखण करणारे मावळे शेतकरी हे एका अर्थानें माळीच होते. मात्र त्यांच्या बागेला कुंपण नव्हतें आणि तिचें चित्र कोणत्याही स्टेशनावर लागलें नाहीं. या खोऱ्यांत टाटा कंपनीनें धरण बांधावयाचें ठरविलें. मुळेचें पाणी अडवून तें पश्चिमेस कड्याखालीं भिरा येथें दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून सोडावयाचें आणि त्यापासून मुंबईस वीज द्यावयाची, अशी ती योजना. गिरण्यांना आणि वाढत्या शहराला वीज हवी होती, हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु त्यासाठीं ५० हून अधिक गांवांना झळ पोंचणार होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशीं मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रहास प्रारंभ केला. पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली ती तारीखही १६ एप्रिलच, सन १८५३. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे लढ्याचे पुढारी; बापटांना ‘सेनापति’ ही पदवी या लढ्यानेंच दिली. ‘जान किंवा जमीन’ हा त्यांचा निर्धार होता. लढा तीन वर्षें चालला. स्त्रियाही तुरुंगांत गेल्या. मुळशीलाही एक रेल्वे पाहावयास मिळाली, पण ती धरणाच्या कामाची. तीच अडविल्याच्या आरोपावरून बापटांना सात वर्षांचा कारावास घडला. लढा हरला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजकेंद्र सुरू झालें. पूर्वेकडे पुण्यास यावयाचें पाणी मोठ्या प्रमाणांत पश्चिमेकडे वळलें आणि आंबेमोहोराचीं खाचरें तळ्याखालीं गेलीं.

याचा दोष भित्तिपत्रकास देणें योग्य होणार नाहीं. चित्राला चौकट असावयाचीच, आणि चौकटींत सगळें मावत नाहीं. क्यूच्या चित्रानें गरीब माणसाला सांगितलें, ‘ही बाग तुझी आहे.’ हें पुण्य लहान नव्हे. पण जी कला माणसाला ‘तिकडे चला’ असें इतक्या गोड शब्दांत सांगते, तिच्याकडून ‘तेथें पूर्वीं कोण होतें’ एवढें विचारून घेण्याचा हक्क पाहणाऱ्याचा आहे.

आज तर काळानें मोठी गंमत केली आहे. ज्या खोऱ्याचें चित्र कोणी काढलें नाहीं, तें मुळशी आतां स्वतःच सहलीचें ठिकाण झालें आहे. निळें विस्तीर्ण तळें, हिरवे डोंगर, पावसाळी धुकें, अशा त्याच्या जाहिराती पुण्या-मुंबईच्या माणसाला शनिवार-रविवारीं बोलावतात. १९०८ सालचा तो हिशेबच पुन्हां नव्या रंगांत छापला जात आहे. त्या बोलावण्यास मान देऊन जाणाऱ्यांनीं जरूर जावें. मुलांना तें पाणी दाखवावें.

जुन्या भित्तिपत्रकावर चित्राखालीं स्टेशनचें नांव असे, म्हणजे उतारू वाट चुकत नसे. मुळशीच्या चित्राखालींही एक ओळ असावी: पाण्याखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें आणि १९२१ हें साल. तळ्याचें सौंदर्य तिनें उणें होणार नाहीं. पाहणाऱ्यास एवढेंच कळेल कीं, ज्या पाण्याकांठीं तो सुटीचा दिवस घालवीत आहे, त्याच्या तळाशीं एके काळीं आंबेमोहोर पिकत होता.