शमी, बोर्ड आणि आपण

गुरुकुंजात क्रिकेटवर बोलतोय, सांभाळून घ्या.

मार्च 2018 मध्ये मोहम्मद शमीच्या पत्नीने छळाचे आरोप केले. त्याने ते फेटाळले. बीसीसीआयने करार रोखला, चौकशी मात्र फक्त भ्रष्टाचाराची केली. त्यात तो निर्दोष ठरला, करार मिळाला. घरातल्या मारहाणीचा मुद्दा त्या चौकशीत नव्हताच. निकाल कोर्टच देईल, कबूल. पण तोवर बोर्डाने काय करायचं, हे आधी ठरलेलं नको?

2021 मध्ये शमीला मुसलमान म्हणून शिव्या पडल्या. आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो, बरोबरच केलं. पण पत्नीचा विषय निघाला की ‘आपल्या माणसाची बदनामी नको’ म्हणणारेही आपलेच. ती कोणाची मग?

आपल्या मोहल्ल्याच्या टेनिस-बॉल टीममध्ये अशी तक्रार आली तर कॅप्टनने काय करायचं? जेवणानंतर बसू, लिहूनच काढू.