पाठीचे दुखणे आणि आसने

पाठशाळेत पोथीपुढे तासन्तास वाकून बसणाऱ्या माझ्या पाठीने दोन वर्षांपूर्वी असहकार पुकारला. मी हट्टाने पश्चिमोत्तानासन वाढविले. कळ मांडीवरून पोटरीत उतरली. पुढे वाकताना कमरेच्या 5 मणक्यांमधील गाद्यांवर दाब वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उमगले. पतंजलींनी आसनास स्थैर्याबरोबर सुखाचीही अट घातली आहे, हे विद्यार्थ्यांना शिकवीत होतो मीच! आता गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन, आणि त्यांच्या अनुमतीने, सोसेल तेवढेच भुजंगासन. पाय बधिर वा लुळा पडू लागला, मलमूत्रावरील ताबा सुटला, तर मात्र आसन नव्हे, तत्काळ रुग्णालय गाठावे. पोथी हल्ली उंच चौरंगावर ठेवतो. गुरुबंधू हसतात, हसोत बापडे.