बर्फाच्या वाटेवर धावण्यापूर्वी



परीक्षा आटोपल्या की कोकणातील कितीतरी घरांतून मुले-मुली हिमालयाकडे निघतात. भाट्याच्या पुळणीवर रोज पहाटे धावणाऱ्या, रत्नदुर्गाची चढण एका दमात पार करणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाला वाटते, पाय तयार आहेत, आता बर्फावरही असेच धावू. नेमका हाच तरुण तेथे धोक्यात असतो.

१९६९ साली भारतीय लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिउंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३,३५० ते ५,५०० मीटर उंचीवर गेलेले हे जवान काही दुबळे नव्हते. तरीही कोणाला डोकेदुखी व ओकाऱ्या झाल्या, तर कोणाच्या फुप्फुसात पाणी साठले. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे निम्मा असतो. त्या विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात; व्यायामाने कमावलेली छाती ही मुदत कमी करीत नाही. उलट धावणारा अधिक वेगाने वर पोहोचतो, म्हणून शरीराला मिळणारा अवधी आणखी घटतो.

तेनसिंग आणि हिलरी यांच्या १९५३च्या एव्हरेस्ट विजयाच्या स्मरणार्थ २००३पासून २९ मे रोजी मॅरेथॉन होऊ लागली. ५,३६४ मीटरवरील तळछावणीतून निघून ४२ किलोमीटर धावत नामचे बाजार गाठायचे. परंतु बाहेरून आलेला स्पर्धक आरंभरेषेपर्यंत कित्येक दिवस चालतच जातो. धावणे त्यानंतर!

कुलू खोऱ्यातील सरपास सुमारे ४,२०० मीटर उंच आहे. मे महिन्यात तेथे भरपूर बर्फ असते. पहाटे ते भरतीने भिजलेल्या वाळूसारखे टणक असते, तर ऊन चढल्यावर कोरड्या पुळणीसारखा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून अंधारातच निघायचे, पावले आखूड टाकायची. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. काळा चष्मा मात्र विसरू नये. पिशवीत लाडू-चिवडा आठवणीने भरला जातो, चष्मा राहतो, आणि बर्फावरून परावर्तित झालेल्या उन्हाने डोळे सुजतात.

आपल्यामुळे तुकडी अडू नये म्हणून डोकेदुखी लपविणाऱ्यांचे आपल्याकडे कौतुक होते. ते थांबले पाहिजे. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी सोबतीने त्वरित खाली उतरवावे. सकाळची वाट पाहू नये.

घरच्यांचेही एक काम आहे. दूरध्वनी लागला की ‘किती वर पोहोचलास?’ हा प्रश्न पहिला येतो. त्याऐवजी ‘रात्री झोप लागली का? डोके दुखते का?’ असे विचारावे, आणि उत्तर देताना मुलगा अडखळला तर लगेच तुकडीच्या प्रमुखाशी बोलावे.