ताजमधला बार आणि गावातली भट्टी
(हिवरे बाजार येथे परिसरातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारूबंदीच्या अर्जावर सह्या घ्यायला गेलं की गावातला एखादा तरी विचारतोच, "आमचं दुकान तेवढं दिसतं, मुंबईची मोठी हॉटेलं नाही दिसत?" आपल्याला गप्प करायला तो हे विचारतो. पण प्रश्न टाकाऊ नाही.

मुंबईला गेट वे ऑफ इंडियासमोर ताजमहाल हॉटेल आहे, १९०३ साली सुरू झालेलं. त्या जुन्या इमारतीत 'हार्बर बार' आहे. १९३३ सालचा. शहरातला पहिला परवानाधारक बार अशी त्याची ख्याती. तिथं खायला मिळतं आणि कॉकटेल मिळतं, म्हणजे दारूत फळांचा रस, बर्फ वगैरे घालून केलेलं पेय. इमारत ऐतिहासिक, म्हणून तिथलं पिणंही ऐतिहासिक! आपल्या भट्टीला मात्र इतिहास नसतो, नुसता वास असतो.

गंमत बाजूला ठेवू. २००५ साली राज्य सरकारने डान्सबार बंद केले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी, असं सांगितलं गेलं. कायदा काय होता? परमिट रूम, बिअर बार, खाद्यगृहं यांत नाच बंद. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. ताजसारख्या ठिकाणाला तो शिवलाच नाही. म्हणजे बाईची प्रतिष्ठा गिऱ्हाइकाच्या खिशावरून ठरली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हा भेदभाव म्हणून बंदी रद्द केली, पण निकालाला स्थगिती राहिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. त्यावर सरकारने काय करावं? २०१४ मध्ये मोठ्या हॉटेलांची सूट काढली आणि सगळीकडेच बंदी घातली! पुढे २०१६ चा नवा कायदा, आणि त्याच्या जाचक अटी सैल व्हायला जानेवारी २०१९ उजाडलं.

या काळात त्या मुलींनी काय खाल्लं? २००५ मध्येच एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आणि 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' यांनी बारमधल्या मुलींशी बोलून पाहणी केली होती. अनेकींच्या कमाईवर अख्खं घर चालत होतं. दुसरं काम कुणी दिलं नाही. तेव्हा आपल्यातल्याही कित्येकींना वाटलं, बरं झालं बंद झालं. दारूने घर बुडालेली बाई आणि दारूच्या धंद्यात पोट भरणारी बाई यांना एकमेकींसमोर उभं केलं की सरकारचं काम सोपं होतं.

आता या गावाकडे बघा. हिवरे बाजारकरणींना त्यांच्याच गावाची गोष्ट मी काय सांगणार, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावात दारूचे २२ अड्डे होते, ते बंद झाले. ग्रामसभेने बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलून गरीब घरांना कर्जं मिळवून दिली, आणि त्यांत दारू गाळणारी घरंही होती. हा भाग वर्तमानपत्रांत एका ओळीत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भट्टीवर विकायला कितीदा एखादी विधवाच बसलेली मी पाहिली आहे. तिला नुसतं हाकललं तर ती चार दिवसांनी ओढ्यापलीकडे बसते.

आपल्याकडे परवान्याचं दुकान असेल तर 'आडवी बाटली'चं मतदान मागता येतं. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. पाथर्डी-शेवगावच्या बायका ऊसतोडीला गेलेल्या असतील, तर त्यांचं न पडलेलं मत उभ्या बाटलीलाच जातं. म्हणून तारीख कोयता निघायच्या आधीची मागून घ्या. आणि हातभट्टी या मतदानात येतच नाही, तिला परवानाच कुठे आहे!

तेव्हा आज दोन याद्या करू. एक सह्यांची. दुसरी, आपल्या गावात दारू विकून कुणाकुणाची चूल पेटते याची, आणि त्यातल्या बाईला बचत गटात कधी घेणार याची. दुसऱ्या यादीला वेळ लागेल, कुणी नाकही मुरडेल. कोरे कागद तिकडे टेबलावर ठेवले आहेत. जेवणाआधी निदान पहिली दोन-तीन नावं तरी लिहूया.