डब्यांतलें मांस

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत मांसाची पारख डोळ्यांनीं होते. गांवच्या जत्रेला बोकड पडला कीं त्याचे वाटे सर्वांच्या देखत घातले जातात. कोणाच्या वाट्यास काळीज आलें आणि कोणाच्या वाट्यास नुसतीं हाडें, याची चर्चा पुढें आठ दिवस पुरते. आगोटीचें सुकट-बोंबील घेणारी बाई मासळी हातांत धरून, हुंगून, मगच दर विचारते. अशा मुलखांतील माणसाच्या हातीं चोहोंबाजूंनीं बंद असा पत्र्याचा डबा दिला आणि आंत मांस आहे असें सांगितलें, तर ‘कसलें?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असावयाचा. या प्रश्नाला अडाणीपणा समजून हंसणारे लोक आहेत. वस्तुतः मोठमोठ्या सरकारांनाही हाच प्रश्न वेळोवेळीं पडलेला आहे.

या भागांतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी फौजेंत गेलेला असतो, आणि परक्या मांसाशीं येथल्या माणसाची गांठ प्रथम फौजेंतच पडली. पहिल्या महायुद्धांत पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियांत उतरली. तींत १०३ व ११० या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि मराठा पलटणींची भरती कोकणांतून व देशावरून होत असे. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनीं या फौजेला कूट-अल-अमारा येथें वेढा दिला. तो १४७ दिवस चालला. शिधा सरत आला तेव्हां घोडे व खेचरें मारून त्यांचें मांस वांटण्यास प्रारंभ झाला. गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं नाकारिलें. सेनापति टाऊनशेंड यांनीं हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुज्ञा मागविली, ती आलीही. परंतु गांवीं परतल्यावर भाऊबंद काय म्हणतील, घरच्या मुलींना स्थळें कशीं मिळतील, ही धास्ती कोणत्याही अनुज्ञापत्रानें जाण्यासारखी नव्हती.

पुढें जें घडलें तें वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. तेथील मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहीर यांना एकाच वेढ्यांत दोन निरनिराळे रोग दिसले. हिंदी शिपायांस ताजी भाजी नाहीं आणि ताजें मांसही नाहीं, म्हणून त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येऊं लागलें; हा स्कर्व्ही रोग. गोऱ्या शिपायांस मांसामुळें तो फारसा झाला नाहीं, परंतु पांढऱ्या पिठाच्या पावामुळें त्यांना बेरीबेरीनें गांठलें; हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात असल्यामुळें बेरीबेरीपासून वांचले. पांढरें पीठ संपून गोऱ्यांच्या पानांतही आटा पडूं लागला तेव्हां त्यांचा रोग हटला. हिंदी शिपायांनीं अखेरच्या आठवड्यांत घोड्याचें मांस घेतलें खरें, पण तोंवर फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली. पानांत काय पडलें आहे हें त्या शिपायांना पक्कें ठाऊक होतें आणि तें नाकारण्याचा त्यांना अधिकारही होता. मात्र त्या नकाराची किंमत शरीर कशी वसूल करील, हें त्यांना वेळेवर उमगलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलींत लढल्या. महाडला लागून असलेल्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं तेथें धारातीर्थीं पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. त्या रणभूमीवर गोऱ्या फौजांच्या शिध्यांत दोन प्रकारचे डबे येत. एक बुली बीफ, म्हणजे खारवून शिजविलेलें गोमांस; दुसरा अमेरिकेचा लंचन मीट, म्हणजे डुकराचें. हिंदी फौजेचा शिधा निराळा असे. १८५७ च्या काडतुसांवरील चरबी सरकार विसरलें नव्हतें.

या दुसऱ्या डब्याविषयीं अफवा पुष्कळ. कान, शेपट्या, खूर, असेल नसेल तें त्यांत भरतात, अशी त्याची ख्याति खुद्द गोऱ्या शिपायांनींच केली. खरी हकीकत साधी आहे. १९३७ साली मिनेसोटा संस्थानांतील ऑस्टिन या गांवच्या हॉर्मेल कंपनीनें ‘स्पॅम’ नांवाचा डबा बाजारांत आणिला, कारण डुकराच्या मांडीला गिऱ्हाईक होतें तसें खांद्याच्या मांसाला नव्हतें. खांद्याचें व मांडीचें मांस दळावयाचें, त्यांत मीठ, पाणी, साखर व अल्पसें सोडियम नायट्राइट कालवावयाचें, कच्चेंच डब्यांत भरून डबा बंद करावयाचा आणि मग डब्यासकट शिजवावयाचें. एकविसाव्या शतकांत त्यांत बटाट्याचें सत्त्व आलें, तें पाणी धरून ठेवण्यासाठीं. बस्स, एवढेंच! खुरांचा कोठें पत्ता नाहीं. स्वस्त डब्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांत यंत्रानें हाडांवरून खरवडून काढलेलें कोंबडीचें मांस, कातडें, काळीज, सोयाबीनचें प्रथिन व पिष्ट यांची भर असूं शकते, आणि तशी ती असल्यास डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलीही असते.

हीं बारीक अक्षरें कोणी दयाबुद्धीनें छापिलेलीं नाहींत. १८५२ साली इंग्लंडच्या आरमाराच्या कोठारांत गोल्डनर नांवाच्या ठेकेदाराचे डबे फोडून पाहिले, तेव्हां ३०६ पैकीं अवघे ४२ खाण्याजोगे निघाले. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीनें शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण चव्हाट्यावर आणिली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत मांसतपासणीचा कायदा झाला. आपल्या देशांत २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं डब्यावर घटक लिहावेच लागतात. मांसाहाराची तपकिरी खूण असते ती प्राणी कोणता हें सांगत नाहीं. त्यासाठीं घटकांची यादीच वाचली पाहिजे, आणि ती बहुधा इंग्रजींत असते ही खेदाची गोष्ट आहे.

महाडच्या माणसाला हें वेगळें पटवून द्यावयास नको. १९२७ च्या मार्चांत चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळीं जी परिषद भरली, तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचें मांस खाणें सोडून देण्यास सांगितलें. जें दुसऱ्यानें टाकलें तें निमूटपणें पानांत घ्यावयाचें नाहीं, हा त्या उपदेशाचा अर्थ होता. पोटाचा नव्हे, माणुसकीचा तो प्रश्न होता.

आतां प्रकृतीचें. नायट्राइटमुळें मांसाचा रंग गुलाबी राहतो, आणि ‘बॉट्युलिनम’ नांवाच्या प्राणघातक जंतूला वाढूं न देण्याचें मोठें काम तें करतें. परंतु २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें, खारवून वा अशा द्रव्यांनीं टिकविलेलें मांस मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा संभव सुमारे १८ टक्क्यांनीं वाढतो. स्पॅमच्या ५६ ग्रॅमांच्या वाट्यांत सुमारे १६ ग्रॅम चरबी आणि केवळ ७ ग्रॅम प्रथिन असतें. मिठाचा तर विचारच नको. आखातांतून रजेवर येणारा मुलगा एखादा डबा घेऊन आला तर कौतुकानें एकदां चाखण्यास हरकत नाहीं. रोजच्या कालवणाची जागा त्याला देऊं नये.

एक गोष्ट मात्र सावित्रीकांठच्या लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. जुलै २०२१ मध्यें महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली होती, आणि पाणी पुनः येणारच नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं. पुराच्या पाण्यांत राहिलेला डबा वरून धुऊन स्वच्छ दिसतो. तो फुगलेला असेल, शिवणीवर चेपलेला वा गंजलेला असेल, उघडतांना फसकन् वारा सुटत असेल, तर आंत काय लिहिलें आहे हें वाचत बसूं नये. वास घेऊं नये, बोटानें चाखूं नये. कुत्र्यामांजरांसही घालूं नये. पिशवींत बांधून गुराढोरांच्या तोंडीं लागणार नाहीं अशा खोल खड्ड्यांत पुरावा, आणि हात साबणानें धुवावेत.