इतिहासाला वाट एकच आहे काय?

इ. स. १८८१ च्या फेब्रुवारींत जिनीव्हाहून निघालेलें एक पत्र लंडनला कार्ल मार्क्सच्या हातीं पडलें. तें लिहिणारी होती व्हेरा झासुलिच. सेंट पीटर्सबर्गचा नगरप्रमुख जनरल ट्रेपॉव्ह याच्यावर १८७८ सालीं तिनें गोळी झाडली होती. ज्यूरीनें तिला निर्दोष सोडलें आणि मग ती परदेशीं निघून आली होती.

तिचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा दिसला, तरी तिच्या पक्षाच्या दृष्टीनें तो जीवनमरणाचा होता. रशियांतील बहुतेक खेड्यांत जमीन गांवाच्या सामाईक मालकीची असे व ती कुटुंबांना वेळोवेळीं नव्यानें वांटून दिली जाई. ही ग्रामसंस्था समाजवादाचा पाया होऊं शकेल, कीं इतिहासाच्या नियमानें ती मोडणें व शेतकऱ्यानें भूमिहीन होऊन कारखान्याच्या दारीं जाणें अटळच आहे? तसें असेल तर कार्यकर्त्यांनीं खेड्यांत जाऊन करावें तरी काय?

इतिहास एकाच दिशेनें चालतो, हा विचार तेव्हां नवा नव्हता. हेगेलनें बर्लिनच्या व्याख्यानांत जगाचा इतिहास पूर्वेकडून पश्चिमेकडे नेला आणि चीन व हिंदुस्थान यांना आरंभींच्या पायरीवरच बसवून ठेविलें. मार्क्सनेंहि १८५३ सालीं न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत लिहितांना इंग्रजांच्या हेतूंची निर्भर्त्सना केली खरी. पण हिंदुस्थानांतील जुनी ग्रामव्यवस्था मोडणारें इतिहासाचें अजाण साधन म्हणून त्यांचें कार्य त्यानें मान्य केलें होतें.

आतां मात्र त्याची लेखणी अडखळली. उत्तराचे चार मसुदे झाले. पहिला तर अखेरच्या पत्राच्या कितीतरी पट लांब. (विलंबाला त्यानें आजारपणाचें कारण दिलें, तेंहि खोटें नव्हतें.) ८ मार्चला धाडलेलें पत्र अगदीं आटोपशीर होतें. ‘भांडवल’ या ग्रंथांत वर्णिलेली अटळता पश्चिम युरोपपुरतीच आहे; रशियन ग्रामसंस्था नवजीवनाचा आधार होऊं शकेल, परंतु तिला चहूंकडून ग्रासणारे घातक प्रभाव आधीं दूर झाले पाहिजेत, असा त्याचा आशय. मसुद्यांत तर तो हिंदुस्थानाविषयीं असें लिहून जातो कीं, सामाईक जमीनधारणा मोडून इंग्रजांनीं तेथील लोकांना पुढें नव्हे, मागें लोटलें. २८ वर्षांत केवढा हा पालट! ज्याच्या नांवानें पुढें अटळ नियमांचीं पाठांतरें झालीं, त्यानेंच त्या नियमाला सीमा घातली होती.

पण हें पत्र छापून निघालें १९२४ सालीं. तोंवर रशियांत क्रांति होऊन गेली होती आणि झासुलिच १९१९ मध्येंच निवर्तली होती. पुढें १९३० च्या सुमारास, शेती सक्तीनें सामुदायिक करण्याच्या सरकारी मोहिमेंत, ती ग्रामसंस्थाहि नाहींशी झाली.