एका घरात तीन इयत्ता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. "तुझी तिन्ही मुलं घरीच शिकतात, ते जमतं कसं, एवढंच सांग," असं ते म्हणाले. धाकटी सहा वर्षांची, मधला दहाचा आणि थोरली तेराची. समोर आपले सर आणि बाई बसले आहेत, म्हणून आधीच सांगते की मी शाळेविरुद्ध बोलायला उभी राहिलेली नाही. घरी जे करते त्यातलं बरंचसं मी याच शाळेच्या बाकांवर बसून पाहिलेलं आहे.

लोकांना वाटतं, तीन वयाची मुलं म्हणजे आईला तिप्पट काम. पण वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकणं आपल्याकडे नवं नाही. आपल्यातले जे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन. म्हणजे वस्तीवरच्या शाळेत एकेका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता आल्याच. एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीला तोंडी घेणं ही त्यांची रोजची कसरत.

आपल्या सोलापुरातलंच उदाहरण घ्या. 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी तेव्हा पहिलीपासून दहावीपर्यंतचे धडे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर रंगवून घेतले. कापड कारखान्यांत राबणाऱ्यांची ती वस्ती. घरोघरी स्मार्टफोन कुठून असणार? मला त्यात भिंतीचा मोठा गुण दिसतो. भिंतीला इयत्तेचं दार नसतं. पाढे पाठ करायला आलेलं पोर शेजारची मोठ्यांची आकृतीही बघतं, आणि मोठ्याला जाता-येता मागचं पुन्हा डोळ्यांखालून घालता येतं.

घरी आम्ही विषय एक घेतो आणि काम तिघांना वेगळं देतो. गेल्या थंडीत महिनाभर ज्वारीच घेतली होती. धाकटीने दाणे मोजून दहा-दहाचे ढीग केले आणि शंभरापर्यंत पोचली. मधल्याने किलोभर पिठाच्या भाकरी किती होतात ते मोजलं आणि एक भाकरी केवढ्याला पडते ते काढलं. हुरड्याला शेतात गेलो तेव्हा धाकटीने विचारलं, "पाऊस तर नाही, मग ज्वारी पाणी कुठून पिते?" थोरलीला नेमकं उत्तर देता येईना. घरी येऊन तिने भूगोलाचं पुस्तक काढलं. काळी माती पावसाळ्यातली ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते, हे तिने शोधलं. तिथून ती मंगळवेढ्याच्या ज्वारीकडे गेली, आणि उजनीचं पाणी पोचलं तिथे ज्वारीच्या जागी ऊस का आला, इथवर येऊन थांबली. सहा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नावर तेरा वर्षांच्या मुलीचा आठवडाभर अभ्यास झाला.

सगळंच मात्र एकत्र होत नाही. गणित आणि वाचन मी प्रत्येकाचं वेगळं घेते, कारण गणितातली एक पायरी कच्ची राहिली की पुढची बसत नाही. एकाला घेऊन बसले की बाकीच्या दोघांजवळ आपापलं काम असतं. आधी थोडा गोंधळ झाला, आता सवय झाली.

मला आज मुख्यतः थोरल्या भावंडाबद्दल बोलायचं आहे. मोठ्याने लहानाला शिकवलं तर त्याचं स्वतःचं पक्कं होतं, हे खरंच आहे. पण शिकवणं आणि सांभाळणं यांतली रेघ फार बारीक असते. घरात काम निघालं की "जरा बघ गं तिच्याकडे" असं आपण मोठ्या मुलीलाच म्हणतो. मुलाला क्वचित म्हणतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी दिसलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं आणि पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यावरची मोठी मुलं शाळेत येत नसत, कारण धाकट्यांना सांभाळायला घरात दुसरं कुणी नसे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कडेवरचं मूल पाळणाघरात ठेवलं की ताई वर्गात बसायला मोकळी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. त्या शाळेतही सगळ्या वयाची मुलं एकत्र होती, पण मोठ्या मुलीचं शिकणं त्यात हरवणार नाही, याची तजवीज आधी केलेली होती.

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. थोरली धाकटीला दिवसात अर्धा तास शिकवते, जास्त नाही. त्यानंतरचे दोन तास तिचे स्वतःचे. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही, मीसुद्धा नाही.

"दहावीचं काय?" हे मला प्रत्येक लग्नात विचारतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आणि आपल्या राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म आहेच. खेळाला, भांडायला गल्लीतली मुलं भरपूर आहेत.

मुलांना घरी शिकवा असं मी कुणालाच सांगणार नाही. प्रत्येकाच्या घरची गणितं वेगळी असतात. पण संध्याकाळी आपल्या सगळ्यांच्याच घरी वेगवेगळ्या वयाची मुलं एका दिव्याखाली अभ्यासाला बसतात. आपल्या शहरात तर कितीतरी घरांत आई विड्या वळत असते आणि थोरली मुलगी धाकट्यांना घेऊन बसलेली असते. तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात अशी एखादी मुलगी असेलच. तिची धाकटी भावंडं रोज दोन तास दुसऱ्या कुणीतरी सांभाळावीत, एवढं आपल्या बॅचला नक्की जमेल. कट्ट्यावर चकाट्या पिटायला आपल्याला तेवढा वेळ मिळतोच!